बियाण्याची बारा फुले

२२ सप्टेंबर, सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटे. डबे अकरा. उमललेली फुले चौऱ्याण्णव. सुकलेली व खुडून काढलेली एकतीस.

गेल्या वर्षीच्या वहीतली ही पहिली मोजणी. वही प्रयोगशाळेतली, निळ्या पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक छापलेली. तिच्यातले पान फाडायचे नसते आणि चुकलेली नोंद गिरवून टाकायची नसते. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची असते, खालचे वाचता येईल अशी. हा नियम मी सात वर्षे पाळत आले आहे. तो किती कठोर आहे, हे मला त्या हंगामात समजले.

आता पुन्हा तेच दिवस आले आहेत, आणि मी सुट्टीवर घरी आले आहे. दादरला पुलाखाली फुलांचे ढीग लागू लागले आहेत. संध्याकाळी तिकडून जाताना चिरडलेल्या पाकळ्यांचा उग्र, काहीसा औषधी वास येतो आणि माझी बोटे आपोआप नाकाशी जातात. पुष्कळांना हा वास सणाचा वाटतो. मला तो रुग्णालयातल्या भेटीच्या वेळेचा वाटतो: फिनेल, उकडलेली अंडी आणि माझ्या नखांत राहिलेला झेंडू.

घरात आम्ही झेंडू म्हणत नाही, गोंडा म्हणतो. घोडपदेवच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कठड्याला तारेने बांधलेले तेलाचे अकरा डबे होते आणि त्यांत आईचा गोंडा होता. ठेंगणा, फांद्यांनी भरलेला, विटकरी रंगाचा. प्रत्येक पाकळीला दोऱ्याएवढी पिवळी कड. दसऱ्याला त्यातली निम्मी फुले आमच्या घरातल्या बुद्धमूर्तीपुढे आणि गल्लीतल्या विहारात जात, निम्मी शेजारच्या मालवणी काकींच्या दारावरच्या तोरणात. यात कधी वाटाघाटी झाल्याचे मला आठवत नाही. काकी पहाटे टोपली घेऊन गॅलरीत उभ्या राहत आणि म्हणत, "शोभा, माझा वाटा दी गो." आई देई. मी तेव्हा आत अभ्यास करत असे. पप्पा मी नववीत असताना गेले. तेव्हापासून घरातली सगळी कामे आईने आणि सगळे अभ्यास मी असे वाटून घेतले होते. पुढे मी सूक्ष्मजीवांवर काम करू लागले आणि डोळ्यांना नुसते दिसणाऱ्या गोष्टींविषयी मला फारसे कुतूहल उरले नाही.

१७ सप्टेंबरला आई अकराव्या डब्याला पाणी घालताना स्टुलावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. परळच्या ज्या रुग्णालयात ती तीस वर्षे आया होती, तिथेच ती पेशंट म्हणून दाखल झाली आणि तिच्या हाताखाली तयार झालेल्या मंगलमावशी तिच्या खाटेशी उभ्या राहिल्या.

"तीस वर्षं दुसऱ्यांची भांडी उचललीस," मंगलमावशी म्हणाल्या, "आता गप पडून राहा. तुझं मी उचलणार."

"नीट धुशील तरी," आई म्हणाली.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध आली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो पायाचा नव्हता.

"गोंडा खुडलास?"

"कुठला?"

"अगं, सुकलेला. रोज सकाळी खुडावा लागतो. हाताने, कात्रीने नाही."

"कात्रीने काय होतं?"

"काही होत नाही. हाताला कळतं, कात्रीला कळत नाही. आणि बियाण्याची ठेवायची."

"किती? कुठली?"

"ती कळतात."

मी वहीत 'ती कळतात' असे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. कार्यपद्धती म्हणून हे वाक्य निरुपयोगी होते. आईला मी तसे सांगितलेही. ती हसली, मग टाक्यांत कळ आली म्हणून थांबली.

हे बी आले कुठून, ते मला तुटकतुटक ठाऊक होते. आईला तिच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, वाढवले. आई लग्न होऊन खेडकडच्या गावाहून मुंबईला निघाली तेव्हा अक्काने अंगणातल्या गोंड्याचे बी तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारून दिले. पुढच्याच पावसाळ्यात अक्का तापाने गेली. घर पुढे पडले, अंगण भावकीत गेले. दर वर्षी जूनमध्ये आई ते बी पेरी, दिवाळीला नवे धरी, आणि जुने कधीच ठेवत नसे. वर्षानंतर बी म्हातारे होते अशी तिची ठाम समजूत होती. एकतीस वर्षे, एकतीस पिढ्या. कठड्यावरचा वारा, गच्चीवरून येणारे ऊन, नळाचे पाणी, हे सगळे सोसून जी झाडे फुलली त्यांचेच बी पुढे गेले. हे काम एखाद्या संशोधन केंद्रात झाले असते तर त्या वाणाला नाव मिळाले असते. आमच्या गॅलरीत त्याला नाव नव्हते.

मी कामाला लागले. सकाळी साडेसहाला गॅलरीत उभे राहायचे, मान टाकलेले प्रत्येक फूल देठाखालच्या पहिल्या पानापर्यंत खुडायचे, मोजायचे, लिहायचे. चार दिवसांत माझी बोटे पिवळी झाली. प्रयोगशाळेत हातमोजे चढवताना त्यांचा वास आत कोंडला जाई आणि दिवसभर राही. सुकलेल्या फुलाचा देठ तुटतो तेव्हा अगदी बारीक, कोरडा आवाज होतो. ओल्या फुलाचा होत नाही. आई कात्री का नको म्हणत होती ते यातून समजू शकले असते. मी ते निरीक्षण म्हणून लिहिले आणि कात्री वापरू लागले, कारण ती जलद होती.

झाड फुलते ते बी धरण्यासाठी. बी धरले की त्याचे काम संपते; पाने पिवळी पडतात, बुंधा कोरडा होतो. आपण उतरू लागलेले फूल खुडतो, तेव्हा काम अपुरे राहिले अशी झाडाची समजूत होते आणि ते पुन्हा कळ्या काढते. भरगच्च फुललेल्या प्रत्येक डब्यामागे ही रोजची गोड फसवणूक असते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी हे वहीत लिहिले आणि पेन थबकले. बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढे येण्याआधी मी प्रवेशाचे फॉर्म भरत होते. एमएस्सीच्या निकालाच्या दुपारी मी पुढच्या परीक्षेची पुस्तके आणायला गेले होते. माझ्या एकाही यशाला मी फांदीवर पिकू दिले नव्हते. त्या महिन्यात परदेशातल्या पीएचडीसाठी माझी मुलाखत ठरली होती, आणि आई शुद्धीत आल्यावर मी तिला पहिल्यांदा सांगितले ते तेच.

बियाण्याच्या फुलांसाठी मी निकष ठरवला. व्यास पाच सेंटिमीटरहून अधिक, पाकळ्या गच्च, रंग गडद. अकरा डब्यांतून अशी बारा फुले निघाली. प्रत्येकाच्या देठाला नंबराचा कागदी टॅग बांधला. बाकीची सगळी खुडत राहिले.

दसऱ्याला गॅलरी अशी फुलली की समोरच्या चाळीतली माणसे कठड्याशी येऊन बघू लागली. काकींनी दोन टोपल्या भरून नेल्या आणि मला म्हणाल्या, "आईक सांग, तुझ्यापेक्षा चेडवाक जास्त जमला." चेडू म्हणजे लेक, मी. मी फोनवर फोटो काढून परळला नेले. आईने फोन सगळ्या वॉर्डात फिरवला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना दाखवला, ड्रेसिंगला आलेल्या डॉक्टरांना दाखवला. मग तो परत घेऊन एक फूल दोन बोटांनी मोठे करून पाहत राहिली.

"अक्काचा फोटो नाही गं एकही," ती म्हणाली. "चेहरा आता नीट आठवत नाही. रोज आठवायचा म्हटलं तरी नाही येत. गोंडा फुलला की दोन दिवस येतो. केस बांधायची ती, तोंडात दोरा धरून, ते दिसतं."

मी खाटेवरची चादर सारखी केली. आमच्या घरात अशा वेळी काही बोलायची पद्धत नाही.

"बियाण्याची ठेवलीस ना?"

"बारा. टॅग लावलेत."

"टॅग," ती म्हणाली. "बरं."

टाक्यांत पू झाल्याने आईचा मुक्काम आणखी लांबला. ९ ऑक्टोबरला संध्याकाळी परतीच्या पावसाचा इशारा आला. माझी मुलाखत अकरा तारखेला होती. आकाश माझगावच्या बाजूने काळे होऊन येत होते आणि गॅलरीत वारा सुटला होता. बाराही फुले मी टॅगसकट कापली. काहींचे बूड अजून हिरवे होते, हे मी पाहिले. ते नोंदवलेही आहे. प्रत्येक फूल वेगळ्या हवाबंद पिशवीत घातले, पिशवीतली हवा दाबून काढली, तोंड बंद केले, वर डबा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिली, आणि बाराही पिशव्या कपाटात ठेवल्या. माझ्या कामात हवा ही शत्रू असते. जे बाहेरून आत येते ते नमुना बिघडवते. म्हणून नमुना हाती आला की तोंड बंद करायचे, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. मी ते इतके चांगले शिकले होते की पिशवी बंद करताना विचार करावा लागला नाही.

पाऊस चार दिवस पडला. डब्यांच्या तळाची भोके गाळाने बुजली होती; दर पावसाआधी आई ती खिळ्याने मोकळी करते, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. पाणी तुंबले. पाचव्या दिवशी झाडांचे बुंधे मातीलगत काळे पडले आणि आठवड्याभरात अकराच्या अकरा डब्यांत तपकिरी काड्या उरल्या. मला वाईट वाटले, पण भीती वाटली नाही. बी कपाटात होते, क्रमांकासह.

घरूनच, लॅपटॉपवर झालेल्या मुलाखतीत मला विचारले गेले, "प्रयोग पूर्ण फसला तर तुम्ही काय कराल?" मी म्हणाले, "प्रत्येक पायरीची नोंद माझ्याकडे असते, त्यामुळे चूक कुठे झाली ते शोधता येते." उत्तर त्यांना आवडले असावे. ते देताना माझ्यापासून चार फुटांवर कपाटात बारा पिशव्या होत्या.

आई वीस तारखेला घरी येणार होती. एकोणीसच्या सकाळी मी पिशव्या बाहेर काढल्या. आतून दव धरले होते. दव पुसता येईना, म्हणून मी पहिली पिशवी उघडली, आणि बुरशीचा वास मला इतक्या जवळून ओळखता येतो की फूल पाहण्याची गरज उरली नाही. करडी, मऊ, कापसासारखी. दुसरी पिशवी तशीच. बाराही तशाच.

काकी दारातून डोकावल्या. "काय झाला गो, प्रज्ञा? तोंड असा कित्याक?"

मी पिशव्या दाखवल्या. त्यांनी एक वर धरून उजेडात पाहिली.

"अगो, बी म्हणजे काय लोणचा? तोंड बांधून ठेवलंस ता!" मग माझ्याकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "शोभाक सांगलंस?"

"नाही."

"सांगूचा लागतला."

"तुमच्याकडे असेल थोडं? आईने कधी दिलं असेल..."

"माझ्या दारात तुळस एकटी. माका फुला मिळत होती, मी बी कशाक मागतलंय?"

त्या दुपारी माझ्या मनात एक सोपा उपाय येऊन गेला, तो लिहिलाच पाहिजे. दादरला विटकरी, पिवळ्या कडेचा झेंडू मिळतो. दोन पाकिटे बी आणून डब्यात पेरले असते तर आईला फरक समजला असता की नाही, मला सांगता येत नाही. मी ठाकूरद्वारच्या एका बियाण्याच्या दुकानाचा पत्ताही शोधला होता. मग मला तोंडात दोरा धरून केस बांधणारी ती बाई आठवली, जिला मी पाहिलेले नाही, आणि मी चप्पल पुन्हा काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या चौघांनी आईला खुर्चीत बसवून तीन जिने वर आणले. "हळू रे, लग्नाची वरात नाही ही," असे ती प्रत्येक वळणावर म्हणत होती. तिने खुर्ची आधी गॅलरीत ठेवायला सांगितली. काड्यांकडे पाहिले. ओळीने, अकराही डब्यांकडे.

"पावसाने?"

"हो. भोकं बुजली होती."

"खिळा खिडकीत असतो," ती म्हणाली, जणू पुढच्या वेळेसाठी. "बियाण्याची?"

मी वाक्ये तयार ठेवली होती. कारण, परिणाम, जबाबदारी, या क्रमाने. त्यातले एकही आले नाही. मी बारा पिशव्या तिच्या मांडीवर ठेवल्या.

तिने एक उघडली आणि वास घेतला. मग दुसरी. सहाव्या पिशवीनंतर ती थांबली.

"कोंडलंस त्यांना."

"हो."

"हिरवी होती. घाई केलीस."

"हो."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होते, ती सुरू होत नव्हती.

"पाऊस येत होता ना," आई म्हणाली.

ते कारण मी दिले नव्हते. तिने ते स्वतः शोधून माझ्या हातात ठेवले. मी गॅलरीच्या फरशीवर बसले आणि लहानपणानंतर पहिल्यांदा तिच्या देखत रडले. तिने डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. वर्तमानपत्र मागितले.

पुढचे दोन तास आम्ही त्या वर्तमानपत्रावर काम केले. आई एकेक बोंड हातात घेई, बुरशीचा थर अंगठ्याने सोलून काढी आणि आतला गाभा उलगडी. झेंडूचे बी म्हणजे एक बारीक काडी, अर्धी काळी, अर्धी फिकट. ती प्रत्येक काडी दोन बोटांत धरून किंचित वाकवायची. जी दुमडेल ती फोल. जी ताठ राहील ती एका बाजूला.

"एवढी मोठाली का निवडलीस?" तिने विचारले.

"चांगली होती म्हणून."

"ती तोरणाची. मोठ्या फुलाला मिरवायचं असतं, त्याच्या पोटात फारसं नसतं. बियाण्याला बुडाकडची घ्यायची, बेताची. आणि खुडायची नाहीत म्हणजे नाहीत. पार वाळून खाली मान घालू द्यायची. दिसायला वाईट दिसतात, म्हणून लोक काढतात."

तिला हे आधीही सांगता आले असते. पण तिला स्वतःलाच ते वाक्यांत ठाऊक नव्हते. बोटे चालू लागली तेव्हा ते बोलण्यात उतरले. तीस वर्षे कापसाचे बोळे वळणारी, सुया मोजणारी, नाडी लागते का ते पाहणारी ती बोटे. माझ्या मोजपट्टीपेक्षा त्यांची मोजपट्टी बारीक होती, आणि हे मी कौतुकाने लिहीत नाही, निरीक्षण म्हणून लिहिते.

ताठ राहिलेले बी निघाले एकसष्ट.

तिथून पुढे माझा अभ्यास उपयोगी पडला. बुरशीचे बीजाणू बीच्या अंगावर होते. तसेच पेरले असते तर ओल मिळताच त्यांनी कोंब खाल्ला असता. मी ब्लीचचे अगदी पातळ द्रावण केले, बी दोन मिनिटे बुडवले, उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुतले आणि तीन दिवस कागदावर, उघड्या हवेत सुकू दिले. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा उकळून घेतला. २३ ऑक्टोबरला सकाळी तो ओला करून ताटात पसरला आणि त्यावर एकसष्ट काड्या ओळीने मांडल्या.

"मेलेल्या माणसाला अंघोळ घालावी तसं चाललंय," आई म्हणाली.

"आई!"

"बरं, बाळंतिणीला."

दिवाळीच्या फटाक्यांचा धूर अजून खिडकीतून येत होता. झेंडूचे चांगले बी चौथ्या, पाचव्या दिवशी मूळ काढते. चौथा दिवस: शून्य. पाचवा दिवस: शून्य. आई वॉकर घेऊन चालायला शिकत होती. खाटेपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून ताटापर्यंत. फडके उचलून पाही आणि परत फिरे. सहाव्या दिवशी एकोणीस बिया मऊ पडल्या. मी त्या काढून टाकल्या, तशी नोंद केली. सातव्या दिवशी मला निवड झाल्याचे पत्र आले. जानेवारीत निघायचे होते. मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान झालं," आणि काकींना बोलावून शिरा करायला लावला. त्या संध्याकाळी पुढच्या तयारीची यादी करायला मी कागद काढला नाही. शिरा खाल्ला, दोनदा घेतला. आई मधेच म्हणाली, "तू गेल्यावर गॅलरी मोकळीच राहील वाटतं." तिने ते सहज म्हटले होते. आठवा दिवस: शून्य.

नवव्या दिवशी पहाटे मी फडके उचलले. उजेड पुरेसा नव्हता, म्हणून ताट खिडकीशी नेले. मग भिंग आणले. भिंगाची गरज नव्हती. मी आईला उठवले. ती वॉकर न घेता, भिंतीला हात लावत आली. ताटावर वाकली आणि तशीच राहिली, इतका वेळ की मला तिच्या पायाची काळजी वाटू लागली. तिचे ओठ किंचित हलले, जसे दातांत काही धरताना हलतात.

गॅलरीतून काकींचा आवाज आला. "काय गो शोभा, दिवो लावलस इतक्या सकाळी?"

"वहिनी, आले," आई म्हणाली.

"इले? किती इले?"

"आले," आई पुन्हा म्हणाली. तिने आकडा सांगितला नाही, मलाही विचारला नाही. खिडकीतला खिळा काढला आणि पहिला डबा मोकळा करायला मला दिला.

मी आधी वही उघडली. त्यानंतर तिच्यात काही लिहिलेले नाही.

१ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. एकसष्टपैकी तीन.